रेग्युलेटर बदलण्यापूर्वी

जळगाव आणि भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. या दिवसांत मोटारसायकलचे चार्जिंग बंद पडले, की "उन्हाने रेग्युलेटर गेला" असे सहज म्हटले जाते. रेग्युलेटर म्हणजे इंजिनात तयार होणारी वीज बॅटरीला योग्य व्होल्टवर देणारा भाग. तो नवा बसवला जातो आणि पुष्कळदा काही दिवसांनी तोही जातो. ऊन त्रासात भर घालते हे खरे. पण कपलर, म्हणजे तारांचा प्लास्टिकचा जोड, वितळवण्याइतकी उष्णता उन्हात नसते. ती गाडीच्याच विजेतून तयार होते, आणि नेमकी कुठे, ते मोजून काढता येते.

अशाच एका गाडीतला पांढरा कपलर पाहू. तो इंजिनातील वीज तयार करणारी कॉईल आणि रेग्युलेटर यांना जोडतो. त्याच्या तीन खाचांपैकी मधली तपकिरी झाली आहे, आतली पिन काळवंडली आहे, आणि तारेचे पिवळे आवरण बोटभर लांबीपर्यंत कडक होऊन तडकले आहे. शेजारच्या दोन्ही तारा मात्र जवळजवळ नव्यासारख्या आहेत. तिन्ही तारांतून साधारण सारखाच प्रवाह वाहत असताना एकच तापली असेल, तर पहिला संशय त्या एका सांध्यावर घ्यावा.

पिनेची पकड सैल झाली किंवा तिच्यावर गंज चढला, की तिथला रोध वाढतो. हा रोध केवळ 0.1 ओहम धरला आणि प्रवाह 15 अँपिअर धरला, तर त्या इवल्याशा जागेत सुमारे 22 वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे जवळपास लहान सोल्डरिंग आयर्नइतकी. उष्णतेने पिनेचा ताण आणखी जातो, रोध आणखी वाढतो, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही.

यात रेग्युलेटरच्या रचनेचाही वाटा आहे. अनेक मोटारसायकलींवर तो शंट प्रकारचा असतो. बॅटरी भरल्यावर हा रेग्युलेटर जादा वीज थांबवत नाही, तर कॉईलची टोके आपसांत जोडून ती कॉईलकडेच वळवतो. त्यामुळे जळगावहून धुळ्याकडे महामार्गाने एकसारख्या वेगात निघालेल्या गाडीत, बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही, कॉईल आणि कपलर यांतून मोठा प्रवाह सतत वाहत राहतो. दिवे बंद ठेवले की कॉईलला विश्रांती मिळते, ही समजूत इथे लागू पडत नाही. तसेही 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत चालूच राहतो.

मोजणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. इंजिन मिनिटाला चार ते पाच हजार फेऱ्यांवर असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळाले पाहिजेत. आकडा कमी असल्यास लगेच रेग्युलेटर न काढता, मल्टीमीटरचे एक टोक रेग्युलेटरच्या धन तारेवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवून, इंजिन व हेडलाइट चालू असताना फरक पाहावा. तो 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा जास्त आला, तर वीज वाटेतच खर्च होते आहे. ऋण बाजूचीही अशीच तपासणी करावी. ती बहुतेक वेळा राहून जाते आणि खराब अर्थिंग तसेच राहते.

त्यानंतर कॉईल. कपलर सोडवून तीन पिवळ्या तारांच्या तिन्ही जोड्यांवर एसी व्होल्ट मोजावेत. एकाच वेगाला ते जवळपास सारखे हवेत. मग इंजिन बंद करून कोणत्याही पिवळ्या तारेचा इंजिनाच्या धातूशी संपर्क नाही ना, हे पाहावे. ही परीक्षा गाडी तापलेली असताना पुन्हा करावी, कारण थंडपणी शाबूत वाटणारे आवरण गरम झाल्यावर दगा देते.

जळलेला भाग कापून योग्य मापाच्या नव्या पिना क्रिंप कराव्यात, म्हणजे तारेवर दाबून घट्ट बसवाव्यात. तारा पिळून वर टेप गुंडाळणे या जागी चालत नाही. रेग्युलेटरच्या पातळ पट्ट्यांवर साचलेला काळ्या मातीचा थर धुऊन काढावा, कारण वारा लागला तरच तो थंड राहतो. मग गाडी अर्धा तास चालवून हेच आकडे पुन्हा घ्यावेत. वाटेतला फरक गेला, कॉईल ठीक निघाली आणि तरीही बॅटरीवरचा आकडा कमीच राहिला, तर मात्र रेग्युलेटर बदलावा.