जहाज स्वस्त पडलं, मालक महागात पडला

आपल्या सोलापुरात चहाच्या टपरीवरसुद्धा समोरच्याला ‘मालक’ म्हणतात. माझी नोकरी खरोखरीच्या मालकांकडे झाली. मुंबईत एका जहाज कंपनीत मी भाड्याचे सौदे बघायचो. आज विषय गरजेपेक्षा जास्त बांधल्या जाणाऱ्या जहाजांचा, आणि बोलणार ते मालकाच्या बाजूनं. गोदीवाल्यांची, म्हणजे जहाजं बांधणाऱ्यांची, बाजू त्यांना बोलावून ऐका.

२० मे २००८. कोळसा, लोहखनिज, धान्य वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक निर्देशांक ११,७९३ वर गेला. ऑफिसात पेढे वाटले. आमच्या मालकांनी त्या उत्साहात दोन नवी जहाजं सांगून टाकली. डिसेंबरात तोच निर्देशांक ६६३. पण जहाजं तर अजून यायचीच होती! पत्रा कापला की हप्ता, तळाचा कणा बसवला की हप्ता, पाण्यात सोडलं की हप्ता. रद्द करावं तर भरलेले पैसे बुडतात.

तुम्हाला हे नवीन नाही. जिल्ह्यात साखर कारखाने तिसाच्या वर गेले, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी उसाची पळवापळवी होते. पण कारखाना जागचा हलत नाही. जहाज कुठल्याही बंदरात जातं, त्यामुळे एका देशात जास्तीचं बांधलेलं जहाज जगभरचं भाडं पाडतं.

जगातली नव्वद टक्क्यांहून जास्त जहाजबांधणी चीन, दक्षिण कोरिया आणि जपान हे तिघे करतात. गोदी म्हणजे रोजगार, पोलाद, नौदल. ती बंद पडू देणं कुठल्या सरकारला परवडतं? मग मंदीतही स्वस्त कर्ज देऊन कामं मिळवून देतात. आम्हालाही जहाज स्वस्तात मिळतं, नाही कशाला म्हणा! पण शेजाऱ्यालाही त्याच भावात मिळतं. गोदीचं एक वर्ष निभावतं, जहाज मात्र पंचवीस वर्षं पाण्यावर राहतं.

वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, जन्म १८८२. त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्याचाच. पुढे १९४१ मध्ये विशाखापट्टणमला त्यांच्या गोदीची पायाभरणी झाली. मालकही तेच, गोदीवालेही तेच! १९४८ मध्ये तिथून ‘जलउषा’ पाण्यात उतरलं. पण तिथली जहाजं ब्रिटिश जहाजांपेक्षा महाग पडायची, आणि वरचा फरक सरकार भरायचं. १९५२ मध्ये गोदीचा मोठा हिस्साच सरकारनं घेतला.

आता सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली आहे. जगाच्या जहाजबांधणीत आपण एक टक्काही नाही, तेव्हा जहाजांच्या या गर्दीचा दोष आपल्याकडे येत नाही. गोद्या जरूर उभ्या करा. किमतीतला फरक मात्र सरकारनं गोदीला द्यावा. ‘इथलंच घ्या, महाग पडलं तरी घ्या’ असं मालकाला सांगू नका. आणि जहाजाला माल कुठून येणार, ते आधी ठरवा.

आमचं दुसरं जहाज २०११ मध्ये हाती आलं. माल मिळेना, म्हणून सिंगापूरबाहेर नांगर टाकून उभं. कप्तानानं फोटो पाठवला: कोरा करकरीत रंग, आणि कठड्याला टेकून आमचे खलाशी गळ टाकून मासे धरतायत. पगार चालू होता.