एका मताची आघाडी

नमस्कार मंडळी. रेडिओवर बसून टीव्हीच्या ग्राफिक्सबद्दल बोलायचं म्हणजे फोनवरून पुरणपोळी वाढायचा प्रकार आहे, पण सांभाळून घ्या.

बातम्यांमध्ये खाली नाव आणि हुद्द्याची पट्टी येते ना, तिला आम्ही ॲस्टन म्हणतो. ॲस्टन ही खरं तर ब्रिटनमधली कंपनी, पडद्यावर अक्षरं उमटवायची मशिनं बनवायची, आणि अमेरिकेत त्याच पट्टीला कायरॉन म्हणतात तेही कंपनीचंच नाव, आपल्याकडे कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात तसंच.

मी ग्राफिक्सच्या खुर्चीवर बसायला लागलो तेव्हा प्रत्येक नाव हाताने टाइप करायचो आणि मागून प्रोड्युसर ओरडायचा, ॲस्टन दे, ॲस्टन काढ, अरे काढ ना! आता डेस्कवरची पोरं बातमी लिहितानाच टेम्प्लेट निवडून नाव भरतात, ते रनडाऊनला, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांच्या यादीला, चिकटतं आणि मॉस नावाच्या प्रोटोकॉलवरून, म्हणजे मशिनांच्या आपसातल्या ठरलेल्या भाषेतून, ग्राफिक्सच्या मशिनला आपोआप कळतं. मशीन नॉर्वेच्या विझआरटीचं असेल नाहीतर आपल्याकडचं वास्प थ्रीडी असेल, काम तेच. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक चित्र काढायला फक्त 40 मिलिसेकंद. सिनेमावाले एका फ्रेमसाठी कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवतात, इथे चुकला की चुकला.

आणि मराठीचे लाड वेगळेच! जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन लटकायची. आमच्या एका चॅनलवर 'विधानसभा'चं 'वधिानसभा' होऊन पूर्ण बुलेटिनभर खाली पळत होतं, अँकर बिचारी गंभीर चेहऱ्याने बातमी वाचतेय आणि मी टिकर थांबवायला माऊस शोधतोय. 'ऱ्या'चं तर विचारूच नका, दऱ्या आणि दर्या यातला फरक सॉफ्टवेअरला समजवण्यात माझी किती दुपार गेली असेल.

पण खरी मजा मतमोजणीच्या दिवशी. 4 जून 2024, लोकसभेचा निकाल. आकडे आमच्या डेटा टेबलात येतात, कुणी सेंटरवरून फोन करतं, कुणी निवडणूक आयोगाच्या साईटवर डोळे लावून बसतं, टेबलात आकडा बदलला की पडद्यावरची पाटी स्वतःच फिरते, रंग बदलते, वरची बेरीज बदलते, कुणी बटण दाबत नाही. आता मुंबई उत्तर पश्चिम घ्या. ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर पुढे होते, किती मतांनी, तर एका. पोस्टल मतं धरल्यावर रवींद्र वायकर निवडून आले 48 मतांनी. राज्यातल्या लोकसभेच्या जागाही 48च, त्यामुळे त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणी 'अठ्ठेचाळीस' म्हटलं की पहिला प्रश्न, जागा की मतं?

टेम्प्लेटमध्ये लिहिलेलं असतं, फरक शून्यापेक्षा जास्त असेल तर त्या पक्षाचा रंग आणि शेजारी 'आघाडीवर'. एक मत असो की एक लाख, पाटी तितक्याच दिमाखात फिरणार, तसलाच टिंग आवाज होणार. घरी बसलेल्याला वाटतं झालं, जिंकला, आणि तो पेढे आणायला निघतो! म्हणून 'विजयी' हा शब्द आम्ही ऑटोमेशनमध्ये ठेवलाच नव्हता. त्याचं वेगळं बटण, त्यावर चिकटपट्टी, आणि दाबायचा हक्क फक्त आमच्या डेस्कच्या मॅडमना. शेजारच्या टीव्हीवर दुसऱ्या चॅनलने पाटी मारली की सगळी पीसीआर, म्हणजे आमची कंट्रोल रूम, मॅडमकडे वळून बघायची. त्या चहाचा कप हातात घेऊन, मान न वळवता म्हणायच्या, "सेंटरवर फोन लाव. अधिकाऱ्यांनी जाहीर केलं का विचार."