सकाळी सहाची हजेरी

मित्रहो,

निमंत्रणात विषय दिला आहे 'शहर प्रशासनातील मनुष्यबळ व्यवस्थापन'. मी नोकरीला लागलो तेव्हा या कामाला आस्थापना म्हणत, आणि कामगार मंडळी आजही तेच म्हणतात. माझ्या नोकरीतली बहुतेक वर्षं याच विभागात गेली. भरती, सेवापुस्तकातल्या नोंदी, वेतननिश्चिती, बदल्या, सेवाज्येष्ठतेच्या याद्या, खातेनिहाय चौकशा आणि महिनाअखेर निवृत्त होणाऱ्यांचे पेन्शनचे कागद, हा आमचा रोजचा संसार. यातलं कुठलंही काम मी हलकं मानत नाही. सेवापुस्तकात एका वेतनवाढीची नोंद राहून गेली म्हणून निवृत्त माणूस महिनोन्महिने खेटे घालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण शहराला सेवा चांगली मिळणार की वाईट, हे या कागदांवर ठरत नाही. ते ठरतं सकाळी सहा वाजता, हजेरीच्या ठिकाणी.

तुमच्यापैकी किती जणांनी ही हजेरी पाहिली आहे, मला माहीत नाही. एक पत्र्याची शेड असते. भिंतीला झाडू टेकवलेले, बाजूला ढकलगाड्या, आणि मुकादमाच्या हातात हजेरीचं पुस्तक. मी एका सकाळी तिथे उभा होतो तेव्हा पटावर २४ पदं होती. त्यातली तीन पदं रिक्तच, दोघं दीर्घ रजेवर, एक जण कार्यालयात शिपायाचं काम करायला नेलेला, दोघं न कळवता गैरहजर. समोर उभी होती १६ माणसं, आणि झाडायचे भाग होते २०. पुढच्या दहा मिनिटांत त्या मुकादमाने सगळी वाटणी केली. एकाची पाठ धरलेली, त्याला गाडी ढकलायला दिली नाही. दोघांचं आपसात पटत नाही, त्यांना वेगळं केलं. एकीला लवकर घरी जायचं होतं, कारण मूल आजारी. तिला जवळचा भाग दिला. शाळेसमोरचा रस्ता आधी उरकायला सांगितला. आणि शेवटी दोन गल्ल्या त्याने सोडून दिल्या, उद्यावर टाकल्या.

आज कोणती गल्ली झाडली जाणार नाही, हा निर्णय आयुक्त घेत नाहीत, नगरसेवक घेत नाहीत. मुकादम घेतो. आणि या माणसाला आपण काय दिलेलं असतं? काल तो स्वतः झाडू मारत होता, ज्येष्ठता यादीत त्याचा नंबर आला, एक आदेश निघाला, आणि आज त्याच्या हातात पुस्तक आलं. एक दिवसाचं प्रशिक्षण नाही. अधिकाराचा एक कागद नाही. काम झालं नाही तर नोटीस मात्र पहिली त्यालाच.

मला आज एवढंच सांगायचं आहे की शहराच्या मनुष्यबळाचा कणा ही मधली माणसं आहेत. मुकादम, मिस्त्री, फायरमनच्या वरचा लीडिंग फायरमन, वॉर्डातली मुख्य परिचारिका, पूर्वी जकातीच्या, आता कराच्या खिडकीवरचा हेडक्लार्क. आणि आपली सगळी व्यवस्था यांना वगळून उभी आहे.

ती अशी का झाली, यालाही कारण आहे, आणि ते कारण मोठं आहे. नोकरशाहीचे नियम अविश्वासातून जन्मले आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या शहरांत नोकरी म्हणजे निवडणूक जिंकल्याचं बक्षीस होतं. पक्षासाठी राबलेल्याला झाडूवाल्यापासून निरीक्षकापर्यंत काहीही मिळे, आणि सत्ता बदलली की तो घरी. १८८१ मध्ये नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने खुद्द राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी घातली, आणि १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा आला. केंद्र सरकारच्या काही नोकऱ्या परीक्षेने भरायला सुरुवात झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने तसाच कायदा केला. ब्रिटनमध्ये हाच विचार १८५४ च्या नॉर्थकोट–ट्रेव्हेलियन अहवालात मांडला गेला होता. परीक्षा, गुणवत्ता यादी, ज्येष्ठता, सेवेची सुरक्षितता, ही सगळी कुंपणं त्या अनुभवातून घातली गेली. ती मोडा असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. ज्याने वशिल्याची भरती जवळून पाहिली आहे, तो ही कुंपणं मोडायला सांगणार नाही.

पण कुंपण घातलं म्हणजे आतली मशागत झाली, असं होत नाही.

ती मशागत कशी असते, याचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्ते सफाई खात्यावर कर्नल जॉर्ज वेअरिंग नावाचा अभियंता नेमला गेला. रस्त्यांवर घोड्यांची लीद, राख, कचरा यांचे ढीग. कामगार बहुतेक टॅमनी हॉल या राजकीय टोळीच्या शिफारशीचे. वेअरिंगने त्यांना पांढरा पोशाख दिला. त्यावरून लोक त्यांना 'पांढरे पंख' म्हणू लागले. पांढऱ्या कपड्यात कोण कामावर आहे आणि कोण आडोशाला बसलाय हे लांबून दिसे, ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं, तो दिसू लागला. १८९६ मध्ये या कामगारांचं संचलन निघालं तेव्हा ते पाहायला रस्त्याच्या दुतर्फा गर्दी झाली. झाडूच्या टोकाला मतदाराऐवजी माणूस आला, असं त्या काळी म्हटलं गेलं.

ही पोशाखाची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. त्याने केलेली दुसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते. कामगारांनी आपले ४१ प्रतिनिधी निवडायचे. त्यांनी आपल्यातले पाच जण पाठवायचे. वेअरिंगने आपले पाच अधिकारी नेमायचे. दहा जणांनी बसून तक्रारी निकाली काढायच्या, आणि जमलं नाही तरच प्रकरण साहेबाकडे. कामगार संघटनांशी या गृहस्थाचं फारसं सख्य नव्हतं, स्वभावाने तो लष्करी शिस्तीचा. तरीही त्याला हे कळलं होतं की खालची तक्रार वर यायला वाट ठेवली नाही, तर ती आतच कुजते.

वाट नसली की काय होतं, हे अमेरिकेतल्या मेम्फिसने पाहिलं. त्या शहरात पाऊस आला की कृष्णवर्णीय सफाई कामगारांना घरी पाठवत आणि त्यांची मजुरी बुडे. गोऱ्या पर्यवेक्षकांचा पगार चालूच राही. कचऱ्याच्या गाड्या जुन्या झाल्या होत्या, त्यांच्या धोक्याबद्दल कामगारांनी आधी तक्रारी केल्या होत्या. १ फेब्रुवारी १९६८. पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या भागात शिरले, जिथे कचरा दाबला जातो तिथे. यंत्र आपोआप सुरू झालं. दोघंही त्यात चिरडून गेले.

अकरा दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर चारच शब्द होते: 'आय अ‍ॅम अ मॅन', मी माणूस आहे. या संपाला पाठिंबा द्यायला आले असतानाच ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. १६ एप्रिलला तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, मजुरी वाढली. पण पेन्शनचा प्रश्न तसाच लोंबकळला. २०१७ मध्ये, म्हणजे जवळजवळ ५० वर्षांनी, त्या संपातले जे थोडे कामगार हयात होते त्यांना शहराने एकरकमी पैसे द्यायचं ठरवलं.

इतिहासाची पुस्तकं या घटनेकडे नागरी हक्कांच्या लढ्याचा भाग म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. आस्थापनेत काम केलेला माणूस म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पावसात कोणाची मजुरी कापायची आणि कोणाची नाही, हा एक साधा हजेरीचा नियम होता. कुणीतरी तो कागदावर लिहिला होता, कुणीतरी रोज त्याप्रमाणे पुस्तक भरत होतं. आपण ज्यांना किरकोळ परिपत्रकं म्हणतो, त्यांच्यात एवढं सगळं दडलेलं असतं.

आता मधल्या माणसाची निवड. यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं एक प्रकरण आहे, रिची विरुद्ध डिस्टेफॅनो. न्यू हेवन शहराच्या अग्निशमन दलात लेफ्टनंट आणि कॅप्टन या पदांवर पदोन्नती द्यायची होती. २००३ मध्ये परीक्षा झाली, ११८ जण बसले. लेखीला ६० टक्के वजन, तोंडीला ४० टक्के. हे प्रमाण संघटनेशी झालेल्या करारातच ठरलेलं. निकाल लागला तेव्हा लगेच भरायच्या जागांपर्यंत एकही कृष्णवर्णीय उमेदवार पोहोचत नव्हता. भेदभावाचा दावा होईल या भीतीने शहराने निकालच रद्द केला. ज्यांना पदोन्नती मिळाली असती ते न्यायालयात गेले, आणि २००९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकले.

या निकालावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल, आणि ज्यांनी रात्रीचा दिवस करून अभ्यास केला होता त्यांच्या जागी मी असतो तर मीही न्यायालयात गेलो असतो. पण मला त्यातला वेगळाच प्रश्न छळतो. जळत्या इमारतीसमोर उभं राहून चार माणसांना आत पाठवायचं की नाही, हे ठरवणारा माणूस आपण कशाने निवडतो? पाठांतराने? न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी आपल्या भिन्नमतात हेच विचारलं होतं: लेखीला ६० टक्के वजन का, आणि प्रत्यक्ष प्रसंग उभा करून उमेदवार काय करतो ते पाहण्याच्या पद्धती उपलब्ध असताना त्या का वापरल्या नाहीत. परीक्षा प्रामाणिकपणे घेतली, पेपर फुटला नाही, एवढ्यावर आपण समाधान मानतो. ती परीक्षा त्या कामाची होती का, हे विचारायचं राहून जातं.

आणि नुसत्या ज्येष्ठतेने निवडलं तरी तोच प्रश्न उरतो.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. एका भागातला मुकादम त्याच जागी सहा वर्षं होता. तीन वर्षांनी बदली हा नियम. नियम चांगला आहे, माणूस एका जागी रुजला की हितसंबंध तयार होतात. मी यादी केली, त्याचं नाव घातलं, सही झाली. महिन्याभरात त्या भागातून तक्रारींचा पाऊस पडला. मी चौकशी करायला गेलो तेव्हा कळलं की त्या मुकादमाकडे एक वही होती. कोणतं गटार कुठे तुंबतं, कोणत्या कामगाराला दम्याचा त्रास आहे, कोणत्या बोळात गाडी उलटी घालावी लागते, सगळं त्यात. नव्या माणसाला ती वही मिळाली नाही, कारण कार्यभार हस्तांतरणाच्या नमुन्यात झाडू, घमेली, ढकलगाड्या यांचे रकाने होते. माहितीचा रकाना नव्हता. मी बदली केली एका माणसाची, आणि एका सहीत त्या भागाची सहा वर्षांची ओळख पुसली.

पाणीपुरवठ्यात हे आणखी जास्त जाणवतं. जुन्या जलवाहिन्यांवरचे काही व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवून बंद होतात, काही डावीकडे. नकाशात ते असेलच असं नाही. निवृत्त होणाऱ्या व्हॉल्व्हमनच्या हाताला ते माहीत असतं. त्याची निवृत्तीची तारीख आपल्याला तो नोकरीला लागला त्या दिवसापासून माहीत असते, तरी त्याच्या जागी येणारा माणूस तो गेल्यानंतर येतो, कारण पद रिक्त झाल्याशिवाय भरता येत नाही. निदान तीन महिने दोघांनी बरोबर फिरावं एवढी तजवीज अंदाजपत्रकात करायला हवी. हा खर्च फुटलेल्या एका मुख्य वाहिनीपुढे काहीच नाही.

पदं भरायलाच शहरं का घाबरतात, तेही समजून घेतलं पाहिजे. बाविसाव्या वर्षी घेतलेला माणूस शहराच्या हिशोबात साठ वर्षं राहतो, आधी पगारात, मग पेन्शनमध्ये. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती. २०१३ मध्ये ती सात लाखांच्या घरात आली. कर भरणारे गेले, पेन्शनर राहिले. जुलै २०१३ मध्ये त्या शहराने दिवाळखोरी जाहीर केली, सुमारे १,८०० कोटी डॉलरचं देणं डोक्यावर घेऊन, आणि शेवटी सामान्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनलाही कात्री लागली. हे पाहिलं की लेखा विभाग कंत्राटाकडे का वळतो ते कळतं. पण कंत्राटातही सकाळी सहाची शेड तीच असते. एकाच रस्त्यावर दोन माणसं, दोघांच्या हातात सारखाच झाडू, एकाचा पगार दुसऱ्याच्या कितीतरी पट. आजारी पडलं तर एकाला रजा आणि दुसऱ्याचा खाडा. या दोघांकडून काम करून घ्यायचं ते त्याच मुकादमाने. दोघांनाही तो एकच उत्तर देऊ शकत नाही, आणि हे ओझं आपण त्याच्यावर टाकलेलं आहे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्ही मुकादमांसाठी चार दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं. पहिल्या दिवशी मी नियम सांगत होतो. मागच्या रांगेतला एक जण उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माणूस सकाळी सहाला सांगतो, बाप आजारी आहे, आज जाऊ का? मी जा म्हटलं तर पुस्तकात काय लिहू? गैरहजर लिहिलं तर त्याचा पगार कापला जातो. हजर लिहिलं तर मी खोटं लिहिलं. रजा मंजूर करणारे साहेब दहाला येतात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी त्या पुस्तकांवरून पगारबिलं तपासली होती, गैरहजेरीच्या नोटिसा काढल्या होत्या, पण सहा ते दहा या चार तासांत काय होतं ते मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. मुकादमाने एका दिवसाची रजा जागेवर मंजूर करावी आणि दुपारपर्यंत कार्यालयाला कळवावी, एवढ्या तीन ओळींचा प्रस्ताव मी केला. त्यावर लेखा, विधी, लेखापरीक्षण असे शेरे पडत गेले. गैरवापर होईल, असं प्रत्येकाने लिहिलं. आदेश निघायला आठ महिने लागले.

आदेश निघाल्यानंतर मी पुन्हा त्याच शेडमध्ये गेलो. हजेरीच्या पुस्तकात उजवीकडे पट्टीने एक नवा रकाना आखला होता. त्या महिन्यात त्यात चार नोंदी होत्या. प्रत्येकीपुढे मुकादमाने सही केली होती, पूर्ण नावाची, सावकाश, एकेक अक्षर वेगळं काढून.