लेहच्या पायवाटा: आत्यासाठी, पोरांसाठी आणि भाच्यासाठीही

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्यात लेहच्या बाजारात फिरलात, तर मराठी हमखास कानावर पडतं. बहुतेकांचा बेत ठरलेला असतो: नुब्रा, पँगाँग, खारदुंग ला, आणि उरलेले डोंगर गाडीच्या काचेतून. आज मला सांगायचंय ते लेहच्या आसपास पायी हिंडण्याबद्दल. सकाळी निघावं, संध्याकाळी मुक्कामी परत यावं, अशा वाटा. आणि बरोबर सगळं घर. गुडघे दुखणारी आत्या, दहा वर्षांचं पोर आणि दर रविवारी सिंहगड चढणारा भाचा.

यांत डोळ्यांत तेल घालून जपायचं कुणाला? माझ्या मते भाच्याला. लेह आहे ३५०० मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे विमानातून उतरता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या दुपटीहून उंच असता, आणि हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोनतृतीयांश उरलेला असतो. ही विरळ हवा अंगवळणी पडायला दिवस लागतात. पाय कमावलेले आहेत म्हणून ते दिवस कमी होत नाहीत. आत्या दमून गुपचूप पडून राहते, भाचा मात्र सामान टाकून लगेच किल्ल्याकडे निघतो. मग रात्री डोकं धरून बसतो.

म्हणून पहिले दोन दिवस चढ नाही, सगळ्यांनाच नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायची सोय करायची. गोळ्यांचं म्हणाल, तर त्या घ्यायच्या की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्याला नको.

तिसऱ्या दिवशी बाजारातून संकर गोम्पाकडे, म्हणजे तिथल्या बौद्ध मठाकडे, चालत जा. अंतर दोनेक किलोमीटर, चढ अगदी हलका. दोन्ही बाजूंना जवाची शेतं, पॉपलर, विलो, आणि बाजूने खळखळणारं पाणी. लेहमध्ये वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे ही हिरवाई आहे ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. पाट जिथे पोचतो तिथवर शेत, त्यापलीकडे नुसती खडी आणि माती. पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्याला तिथे चुरपोन म्हणतात, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखाच. वाटेत कुणी भेटलं तर ‘जुले’ म्हणायचं. नमस्कार, आभार, निरोप, सगळं त्या एका शब्दात भागतं.

पण सगळ्यांनी मिळून एकच वाट चालायची असेल, तर मी शे ते ठिकसे सांगेन. शे ही लडाखची जुनी राजधानी, लेहपासून पंधराएक किलोमीटरवर. जुना राजवाडा, आत बुद्धाची मोठी मूर्ती. तिथून ठिकसे गोम्पा साधारण चार किलोमीटर, आणि रस्ता जवळजवळ सपाट. मधल्या उजाड माळावर मातीचे पांढरे चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, पसरलेले आहेत. काही धड उभे, काही वाऱ्याने झिजून ढिगारे झालेले. चोर्तेन नेहमी उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. आपल्या प्रदक्षिणेचीच दिशा. सावली कुठेही नाही, म्हणून सकाळी लवकर निघा. टोपी, गॉगल आणि पाणी प्रत्येकाचं वेगळं असू द्या. टॅक्सी मात्र शेला सोडून ठिकसेला थांबवायची. आत्याला वाटलं तर ती गाडीतून पुढे जाऊन दोन मजले उंच मैत्रेयाच्या, म्हणजे भावी बुद्धाच्या, मूर्तीपाशी निवांत बसेल. मागाहून आलेल्यांनी उगाच धापा टाकत गोम्पाच्या पायऱ्या चढू नयेत, एवढंच.

शांती स्तूपाला लेहच्या चांगस्पा भागाकडून पायऱ्या आहेत, पाचशेच्या आसपास. वर गाडीरस्ताही जातो, तेव्हा ज्याला झेपेल त्याने पायऱ्या घ्याव्यात. लेहच्या नऊमजली राजवाड्यावरून वरच्या त्सेमो गोम्पाला जाणारी वाट तेवढी लांब नाही, पण पायाखालची माती सुटते. तिथे चपला घालून जाऊ नका.

आता भाच्याकडे वळू. चौथ्या-पाचव्या दिवशी हेमिस गोम्पामागून गोत्सांगच्या ध्यानगुहेपर्यंत त्याला पाठवा. तासाभराची खडी चढण आहे. ती निभावली, तर लिकीर ते यांगथांग. दोन छोट्या खिंडी, दोन्ही ४००० मीटरच्या आत, आणि चार-पाच तासांची चाल. त्यानेही पोट भरलं नाही, तर झिंगचेनहून रुंबक. हा हेमिस राष्ट्रीय उद्यानाचा भाग, हिमबिबट्याचा मुलूख. उन्हाळ्यात तो दिसेल अशी आशा धरू नका.

या वाटेवर ओढा लागतो, आणि त्याची एक खोड आहे. दिवसभर वर बर्फ वितळतं, त्यामुळे सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारनंतर चढत जातं. परतताना ते लागणार, हे जातानाच लक्षात ठेवायचं. आभाळ भरून आलं तर घळीत शिरायचंच नाही. ऑगस्ट २०१०च्या ढगफुटीत वाहून आलेल्या चिखलाने लेहमध्ये काय केलं, ते तिथल्या कुणालाही विचारा. तेव्हा भाच्याला सांगून ठेवा: भर दुपारच्या आत मागे वळायचं, रुंबक आलं असो वा नसो.

नमस्कार.