नवी बॅटरी, जुनी वही

(दृश्य: पुण्यातलं एक स्वतंत्र गॅरेज. बीएमडब्ल्यू थ्री सीरिजची डिकी उघडी. आतलं अस्तर आणि झाकण काढून बाजूला ठेवलेलं.)

या गाडीचं बोनेट उघडून बॅटरी शोधली तर सापडणार नाही. तिथे जंप देण्यासाठी एक पॉझिटिव्ह टोक आहे आणि अर्थिंगचा एक बोल्ट आहे, बस. बॅटरी मागे, डिकीत, उजव्या बाजूला. इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, आणि मागच्या चाकांवर थोडं वजन यावं म्हणूनही.

थ्री सीरिजची ही पिढी, कारखान्याच्या भाषेत एफ-थर्टी, भारतात 2012 साली आली. आज यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि अधिकृत वर्कशॉपऐवजी अशा गॅरेजमध्ये येतात. आज हिची बॅटरी बदलायची आहे. पाना फिरवून बॅटरी काढणं-घालणं हे कोणत्याही चांगल्या फिटरचं काम. पण ते संपल्यावर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र, जोडून गाडीला एक गोष्ट कळवावी लागते: बॅटरी नवी आहे. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. ती कळवली नाही तरी गाडी सुरू होते, म्हणूनच ती राहून जाते.

(दृश्य: निगेटिव्ह टर्मिनलचा अगदी जवळून शॉट.)

हे पाहा. निगेटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पलाच चिकटलेली काळी प्लॅस्टिकची डबी आणि तिच्यातून निघालेली बारीक वायर. हा बॅटरी सेन्सर. बॅटरीत येणारा आणि तिच्यातून जाणारा सगळा करंट याच्यातून वाहतो. गाडी उभी असताना झिरपणारे काही मिलिअँपिअर आणि सेल्फ मारताना खेचले जाणारे शेकडो अँपिअर, दोन्ही तो मोजतो. जोडीला व्होल्टेज आणि तापमान. ही माहिती इंजिनाच्या कॉम्प्युटरला सतत मिळत असते आणि कॉम्प्युटर त्यावरून बॅटरीची वही लिहितो: किती भरली, किती रिकामी झाली, किती वेळा खोलवर उतरली, किती उन्हात राहिली, किती म्हातारी झाली.

वहीची गरज का पडली, ते अल्टरनेटरपाशी, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्रापाशी, समजतं. जुन्या गाडीत इंजिन चालू असेपर्यंत अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास देत राहायचा. बॅटरी भरलेली असो की रिकामी, त्याला फरक पडत नसे. पण अल्टरनेटर फिरवायला इंजिनाची ताकद लागते, म्हणजे इंधन लागतं. युरोपात धुराचे नियम कडक होत गेले तसा हा खर्च कंपन्यांना खुपू लागला. बीएमडब्ल्यूने 2007 च्या सुमारास अल्टरनेटरचा ताबा पूर्णपणे कॉम्प्युटरकडे दिला. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना चार्जिंग कमी. पाय काढला आणि गाडी स्वतःच्या वेगाने धावू लागली की चार्जिंग जोरात. फुकट मिळणारी ही वीज साठवायला जागा हवी, म्हणून बॅटरी मुद्दामच काठोकाठ भरत नाहीत. त्यात स्टार्ट-स्टॉप. सिग्नलला इंजिन बंद, क्लच दाबला किंवा ब्रेक सोडला की चालू. शहरातल्या एका फेरीत बॅटरीला कितीतरी वेळा सेल्फ खेचावा लागतो.

1859 साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल घेऊन पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. आजच्या बॅटरीचं रसायन तेच आहे. अर्धवट चार्ज ठेवणं आणि सारखं वर-खाली करणं या रसायनाला मानवत नाही. प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसत जातात. म्हणून अशा गाड्यांत एजीएम बॅटरी देतात. तिच्यात आम्ल मोकळं हिंदकळत नाही, काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेलं असतं. यात डिस्टिल्ड वॉटर टाकायचं नसतं आणि झाकणं उघडायचीही नसतात. काही गाड्यांत त्याखालची पायरी, ईएफबी, म्हणजे साध्या बॅटरीचीच सुधारलेली आवृत्ती असते. स्वस्त पडते म्हणून एजीएमच्या जागी साधी बॅटरी बसवून देणारे भेटतात. ती बसते, गाडी सुरूही होते. पण ती लवकर मरते, आणि त्यात पैसे वाचत नाहीत.

(दृश्य: फिटर मल्टीमीटर लावतो. आकडा 12.1.)

गाडी रात्रभर उभी होती. भरलेली बॅटरी अशा वेळी 12.6 व्होल्टच्या वर दाखवते, एजीएम त्याहून थोडं जास्त. 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. ही त्याहूनही खाली आहे, आणि चार्ज करून लोड टेस्ट घेतली, म्हणजे जोरात करंट खेचून पाहिला, तरी टिकली नाही.

बॅटरी मरते कशाने? आपल्याकडे पहिलं कारण ऊन. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की झीज साधारण दुप्पट, असा बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा विचार करा. दुसरं कारण उभं राहणं. कुलूप लावलेली गाडीसुद्धा थोडी वीज पीत असते. 30 मिलिअँपिअर धरले तर दिवसाला 0.72 अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता याच मापात सांगतात), महिन्याला एकवीसच्या वर. मालक परदेशी आणि गाडी सोसायटीच्या तळघरात, अशा घरांनी हे पुरेपूर पाहिलंय. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर सगळ्यांनीच पाहिलं.

(आवाज: “आधी निगेटिव्ह काढ रे. आणि डिकी लावू नकोस.”)

दोन्ही सूचना महत्त्वाच्या. निगेटिव्ह आधी सोडवायचं, म्हणजे पॉझिटिव्हवर काम करताना पाना बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. जोडताना उलट: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी सोडवून ती बंद केली तर उघडताना तारांबळ उडते. किल्ली गाडीपासून लांब ठेवून गाडीला थोडा वेळ झोपू दिलंय, सगळे कॉम्प्युटर शांत झालेत, मगच दहाचा पाना लागला.

क्लॅम्प घट्ट बसला असेल तर त्याखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं किंवा हातोडी ठोकायची सवय आपल्याकडे फार आहे. इथे ती सोडायलाच हवी, कारण ठोका थेट सेन्सरला बसतो. पॉझिटिव्हच्या क्लॅम्पलाही जपायचं. त्यात बारूदाचा छोटा बार आहे. जोरदार अपघात झाला की तो उडतो आणि स्टार्टरकडे जाणारी जाड केबल तोडतो, म्हणजे चेपलेल्या गाडीत आग लागण्याचा धोका कमी होतो. तिसरी वस्तू एक बारीक नळी. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघू शकतो, आणि बॅटरी बोनेटखाली नसून गाडीच्या आत असल्याने तो वायू या नळीतून गाडीबाहेर सोडलेला आहे. नव्या बॅटरीला ही नळी पुन्हा लावली का, हे मालकाने स्वतः वाकून पाहावं, असं मी आग्रहाने सांगेन.

नवी बॅटरी आत जाते. 90 अँपिअर-अवर, एजीएम, वजन 25 किलोच्या आसपास. खालची पट्टी आवळली, पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह.

(दृश्य: स्टीअरिंगखालच्या पोर्टमध्ये स्कॅनरची पिन.)

गाडी आत्ता सुरू होईल. घड्याळ लावावं लागेल, स्टीअरिंगचा दिवा थोडं चालवल्यावर जाईल. पण कॉम्प्युटरची वही अजून जुन्या बॅटरीचीच आहे. त्याच्या लेखी डिकीत अजून तीच थकलेली बॅटरी आहे, आणि तो तिला शोभेल असंच चार्जिंग ठरवतो. स्टार्ट-स्टॉप बंद ठेवतो. गाडी उभी असताना रेडिओ, पंखा लवकर तोडतो. सेन्सर नवे आकडे पाठवत राहतो, पण मागचा इतिहास पुसला जात नाही.

रजिस्ट्रेशन म्हणजे वहीचं नवं पान उघडणं. स्कॅनरच्या मेनूत बॅटरी बदलल्याची नोंद करायची. कॉम्प्युटर त्या क्षणीचं किलोमीटर लिहून ठेवतो, जुन्या करंटची, व्होल्टेजची, तापमानाची आकडेवारी पुसतो आणि नवी बॅटरी 80 टक्के भरलेली आहे असं धरून हिशेब सुरू करतो. कामाला मिनिटभरही लागत नाही.

बॅटरी त्याच प्रकारची आणि त्याच क्षमतेची असेल तर एवढं पुरे. 80 च्या जागी 90 बसवली, किंवा साध्या बॅटरीऐवजी एजीएम, तर त्याआधी कोडिंग लागतं. क्षमता आणि प्रकार दोन्ही गाडीत बदलावे लागतात, कारण एजीएमची चार्जिंगची मर्यादा वेगळी आहे. कोडिंग चालू असताना बाहेरचा चार्जर जोडून ठेवावा. मध्येच व्होल्टेज पडलं तर काम अर्धवट राहतं.

नोंद केली नाही तर बॅटरी फुटते, अशी भीती घालणारे आहेत. हे सगळं पैसे काढायचं थोतांड आहे, असं म्हणणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही. सारखीच बॅटरी बसवून नोंद राहिली तर उद्या काही होणार नाही. मात्र चुकीच्या हिशेबावर चाललेली महागडी बॅटरी आपलं आयुष्य पुरं करत नाही, आणि तोवर स्टार्ट-स्टॉप का चालत नाही म्हणून मालक गॅरेजच्या फेऱ्या मारतो. एका मिनिटाच्या कामासाठी हे कशाला ओढवून घ्यायचं?

फोक्सवॅगन आणि ऑडीच्या अनेक गाड्यांत पद्धत थोडी निराळी. तिथे क्षमतेबरोबर बॅटरी बनवणाऱ्याचा तीन अक्षरी कोड आणि अनुक्रमांक भरावा लागतो. बाहेरच्या बॅटरीवर तसा क्रमांकच नसतो, तेव्हा अनुभवी लोक जुन्या क्रमांकातला एक आकडा बदलतात. क्रमांक बदलला एवढं गाडीला दिसलं की तिला नवी बॅटरी कळते. फोर्डच्या काही गाड्यांत तर स्कॅनरही नको: इग्निशन चालू, अप्पर लाइट पाच वेळा मारायचा, ब्रेक तीन वेळा दाबायचा, आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लुकलुकून होकार देतो. जपानी आणि कोरियन गाड्यांपैकी बऱ्याच जणी काही तास शांत उभ्या राहिल्या की स्वतःच शिकतात. आणि ज्या साध्या गाड्यांत सेन्सरच नाही, त्यांना यातलं काहीही लागत नाही. तिथे कुणी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर देऊ नयेत. आपल्या गाडीला काय लागतं ते तिच्या मॅन्युअलमध्ये पाहावं.

(दृश्य: दुसरी गाडी. निगेटिव्ह खांबावर थेट जोडलेल्या दोन-तीन जादा वायरी.)

ही वायरींची गर्दी पाहा. ॲम्प्लिफायर, डॅशकॅम, जादा लाइट. अर्थिंग थेट बॅटरीच्या खांबावर घेतलंय, म्हणजे सेन्सरच्या मागून. ही वीज सेन्सरमधून जातच नाही, म्हणून वहीत तिची नोंद होत नाही. कॉम्प्युटरला बॅटरी भरलेली वाटते आणि सकाळी सेल्फ खेचत नाही. मग दोष नव्या बॅटरीला. अशा जोडण्यांचं अर्थिंग गाडीच्या बॉडीवरच घ्यावं. बाहेरचा चार्जर किंवा जंपची काळी केबल लावतानाही हेच.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. वीस-पंचवीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घातलेला माणूस, आवाजावरून अल्टरनेटरचं बेअरिंग ओळखणारा, त्याला एका मेनूपाशी थांबावं लागतं, कारण त्या मेनूचं कुलूप उघडणारं साधन त्याला परवडत नाही किंवा मिळत नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनं हे एक क्षेत्र धरलं. बॅटरीची नोंद तर सर्वात आधी मोकळी व्हायला हवी. गाडी मालकाची आहे, बॅटरी त्याने पैसे मोजून घेतली आहे. ती नवी आहे हे गाडीला सांगायला त्याला कुणाची परवानगी का लागावी?

(दृश्य: जुनी बॅटरी काट्यावर.)

जुनी बॅटरी परत दिली की बिलातून रक्कम वजा होते. कुणी चार पैसे जास्त देतो म्हणून ती भंगारवाल्याला देऊ नये. उघड्यावर फोडून वितळवलेल्या बॅटरीचं शिसं धुरात आणि मातीत जातं, आणि तिथे खेळणाऱ्या मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा राहतो. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत गोळा करून तिचा पुनर्वापर होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटरीच्या दुकानात ती परत दिली की तिचं शिसं योग्य कारखान्यात पोचण्याची वाट मोकळी होते.

बिल घेताना त्यावर बॅटरीचा प्रकार, क्षमता, तारीख, किलोमीटर आणि रजिस्ट्रेशन केल्याची वेगळी ओळ लिहून घ्या, आणि नोंद झाल्यावर स्कॅनरच्या पडद्याचा एक फोटो काढून ठेवा. वॉरंटीसाठी भांडायची वेळ आली, किंवा पुढे गाडी विकायला काढली, तर हीच कागदपत्रं लागतात.