बर्फाखालची सपाट रेष

(दृश्य: पांढऱ्या पठारावरून कमी उंचीवर उडणारं दोन इंजिनांचं विमान. पंखांखाली आडव्या दांड्या.)

पंखांखाली दिसताहेत त्या अँटेना. विमान अंटार्क्टिकावर एका सरळ रेषेत जातंय आणि सेकंदाला हजारो वेळा खाली रेडिओ लहरी सोडतंय. ठरलेलं अंतर संपलं की ते वळेल आणि शेजारच्या रेषेवरून परत येईल. तासन् तास हेच. वैमानिकाला खाली बर्फाशिवाय काहीही दिसत नाही. आतल्या पडद्यावर मात्र तीन-चार किलोमीटर खोलवरची जमीन उमटत असते: डोंगर, दऱ्या, आणि मधूनच एखादी सपाट, झगझगीत रेष.

त्या रेषेखाली पाणी असू शकतं. बर्फाखाली दडलेलं सरोवर.

(दृश्य: रडारचा आलेख. वरून खाली बर्फाचे थर, तळाशी खडबडीत खडक.)

आडात खडा टाकायचा आणि आवाज किती वेळानं आला त्यावरून पाणी किती खोल ते ताडायचं, ही रीत आपल्याला माहीत आहे. रडारचं गणित तेच. बर्फात रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे 168 मीटर जाते. चार किलोमीटर खाली जाऊन परत यायला तिला 48 मायक्रोसेकंद पुरतात. थंड बर्फ या लहरींना फारसं अडवत नाही, म्हणून हे जमतं.

तळाशी खडक असेल तर परत येणारी लहर क्षीण असते, विखुरलेली असते. पाणी असेल तर ती जोरकस येते, कारण विद्युत गुणधर्मांच्या बाबतीत बर्फ आणि पाणी यांच्यात प्रचंड फरक आहे. आणि पाण्याला लागलेला बर्फाचा तळ गुळगुळीत असतो. तेज आणि सपाटी, अशा दोन खुणा.

पण इतक्या थंडीत पाणी गोठत का नाही? अंटार्क्टिकाच्या मध्यावर वोस्टोक हे रशियन स्थानक आहे. 21 जुलै 1983 रोजी तिथं उणे 89.2 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. हे वरचं तापमान. खाली गोष्ट वेगळी आहे. पृथ्वीच्या पोटातली उष्णता हळूहळू वर येत राहते आणि जाडजूड बर्फ तिला बाहेर जाऊ देत नाही. त्यात वरच्या बर्फाचा दाब. एवढ्या दाबाखाली बर्फ शून्याऐवजी उणे तीन अंशांच्या आसपासच वितळू लागतो.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. चार इंजिनांचं जुनं विमान, फिल्मची रिळं.)

केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन इव्हान्स यांनी बर्फाच्या आरपार पाहणारं रडार 1960 च्या दशकात तयार केलं. 1967 च्या डिसेंबरात गॉर्डन रॉबिन आणि त्यांचे सहकारी ते अमेरिकी नौदलाच्या विमानातून घेऊन निघाले. सोवियेत्स्काया या ओस पडलेल्या स्थानकाजवळ आलेखावरचा खडबडीत तळ एकदम सपाट झाला. 1973 मध्ये अशी 17 सरोवरं जाहीर झाली. 1979 पर्यंत या मोहिमांनी चार लाख किलोमीटर लांबीच्या रेषा उडून पूर्ण केल्या, आणि आलेख सारे 35 मिलिमीटरच्या फिल्मवर. त्या रिळांचा अलीकडे संगणकीय संग्रह झाला आहे. अर्धशतकापूर्वीचा बर्फ आणि आजचा बर्फ आता शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतो. माझ्या लेखी हा ठेवा एखाद्या नव्या उपग्रहाइतकाच मोलाचा आहे.

सर्वांत मोठं सरोवर, वोस्टोक, मात्र एका झटक्यात सापडलं नाही. वोस्टोक स्थानकाजवळ सोव्हिएत भूगोलतज्ज्ञ आंद्रेई कापित्सा यांनी 1964 मध्ये सुरुंगाचा स्फोट करून जमिनीत ध्वनिलहरी सोडल्या होत्या. परतीच्या दोन लहरी आल्या. दोहोंमधला भाग तेव्हा गाळ समजला गेला. पुढच्या दशकात विमानातल्या रडारनं त्याच परिसरात सपाट रेष टिपली. मग 1991 मध्ये सोडलेल्या ईआरएस-1 उपग्रहाला बर्फाचा पृष्ठभागच तिथं विलक्षण सपाट आढळला, कारण तरंगणारा बर्फ खडकाला घासत नाही. कापित्सांच्या जुन्या नोंदी पुन्हा काढल्या गेल्या. खालची लहर गाळाच्या तळावरून नव्हे, सरोवराच्या तळावरून आली होती! मध्ये सुमारे पाचशे मीटर पाणी होतं. 1996 मध्ये रशियन आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मिळून ते मांडलं: सुमारे 250 किलोमीटर लांब, 50 किलोमीटर रुंद.

पुरावा तीस वर्षं कपाटात होता. तो वाचायला आकाशातून आलेल्या दोन साक्षी लागल्या.

(दृश्य: सरोवराचा आडवा छेद.)

या सरोवराचा वरचा काठ कललेला आहे, हे नीट पाहा. उत्तरेकडे बर्फ चार किलोमीटरहून जाड, दक्षिणेला स्थानकाखाली पावणेचार. बर्फ जिकडे जाड तिकडे पाणी दाबलं जातं, म्हणून सरोवराचं छत वरच्या उताराच्या उलट दिशेनं आणि सुमारे दहापट तीव्रतेनं झुकतं. खाली पाणी वाहतं कुठून कुठे, हे त्यामुळे वरच्या बर्फाच्या उतारावरूनही बरंचसं ठरतं.

आणि ते खरोखर वाहतं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह नोंदींत पूर्व अंटार्क्टिकातला बर्फ एके ठिकाणी सुमारे तीन मीटर खचलेला दिसला आणि 290 किलोमीटरवर दुसऱ्या ठिकाणी फुगलेला. एक सरोवर दुसऱ्यात रिकामं झालं होतं. बर्फाच्या तळाचं हे पाणी वंगणाचं काम करतं. हिमनदी समुद्राकडे किती वेगानं सरकेल, यात त्याचा वाटा आहे. समुद्राची पातळी किती वाढेल याचा अंदाज बांधणाऱ्यांना हा नकाशा म्हणूनच हवा असतो.

2022 च्या यादीत जगभरातली बर्फाखालची 773 सरोवरं होती, त्यांतली 675 अंटार्क्टिकात. दोन कॅनडातल्या डेव्हन हिमटोपाखाली. डेव्हनची रडार-रेष तेजस्वी होती, सपाट होती. पुढे तिथं बर्फावर उतरून भूकंपलहरींचं आणि विद्युतचुंबकीय मापन झालं, तेव्हा द्रव पाण्याची खूण मिळाली नाही. रडार वाट दाखवतं, शिक्का मारत नाही. यादीतली नोंद मागे घ्यायची तयारी हे या क्षेत्राचं बळ आहे, आणि ते लपवायचं काही कारण नाही.

(दृश्य: लाल-पांढरं विमान, खाली बर्फाळ किनारा.)

प्रिन्सेस एलिझाबेथ लँड. याच भूभागाच्या किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांत भारताचं ‘भारती’ स्थानक आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. किनाऱ्यापासून आत, चीनच्या ‘स्नो ईगल’ विमानानं रडार, गुरुत्वमापक आणि चुंबकमापक घेऊन उड्डाणं केली. खोल दरीत, 3.2 किलोमीटर बर्फाखाली, 42 किलोमीटर लांबीचं सरोवर मिळालं. विमानाचंच नाव त्याला दिलं गेलं. गुरुत्वाकर्षणाच्या नोंदी सांगतात की पाणी दोनशे मीटरपर्यंत खोल आहे आणि तळाशी सैल गाळ आहे.

तो गाळ हवा आहे. अंटार्क्टिकावर हिमचादर सुमारे 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी पसरू लागली. ती कशी वाढली, मध्ये कधी आटली होती का, हे त्या थरांत असण्याची शक्यता आहे. त्याआधी बर्फावर उतरून भूकंपलहरींनी तळ पुन्हा तपासावा लागेल, आणि गरम पाण्यानं भोक पाडताना वरचा एकही जंतू खाली जाणार नाही याची खात्री करावी लागेल.