गाडी उलाळ होऊ नये म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

मी हवाई दलात मालवाहू विमानांवर फ्लाइट इंजिनियर म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर बडोद्यातच स्थायिक झालो. सकाळी कमाटी बागेत फिरायला गेलो की दांडिया बाजार आणि रावपुरा भागांतली ओळखीची मराठी मंडळी भेटतात, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्यापैकी पुष्कळ आईवडिलांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "काका, मुलाला विमानावर जायचे आहे, पण पायलट होणे जमले नाही तर काय करायचे?"

हा प्रश्न आताच का निघतो, हे बडोदेकरांना सांगायला नको. २० सप्टेंबर २०२३ रोजी हवाई दलाचे पहिले सी-२९५ हे मालवाहू विमान आपल्या धावपट्टीवर उतरले आणि इथल्याच अकराव्या स्क्वाड्रनकडे आले. जुन्या एव्हरो विमानांची जागा घेण्यासाठी अशी ५६ विमाने ठरली आहेत. त्यांतली १६ स्पेनमधून तयार होऊन यायची आणि उरलेली ४० बडोद्यात बांधायची, आणि त्यासाठीच्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. डोक्यावरून विमान गेले की घरातल्या मुलांचे डोळे वर जाणार, हे स्वाभाविकच आहे. मात्र प्रश्नातले "जमले नाही तर" हे शब्द मला खटकतात. पायलटखेरीज विमानात जी माणसे काम करतात, ती पायलट होता आले नाही म्हणून तिथे बसलेली नसतात. त्यांचे काम वेगळे, त्याची पात्रता वेगळी आणि त्याची जबाबदारीही वेगळी.

माझ्या कामाचेच सांगतो. एएन-३२ विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन पायलट, मार्ग आखणारा नॅव्हिगेटर आणि फ्लाइट इंजिनियर असतात. दोन्ही इंजिनांचे तापमान, तेलाचा दाब, इंधनाची खपत आणि केबिनमधल्या हवेचा दाब यांच्यावर फ्लाइट इंजिनियरची नजर असते. आणि जिथे तंत्रज्ञांचे पथक नाही अशा डोंगरातल्या धावपट्टीवर उतरल्यावर विमानाची तपासणीही त्यालाच करावी लागते. ३१ मे २००८ रोजी लडाखमधल्या दौलत बेग ओल्डी इथे, साडेसोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर, एएन-३२ उतरले, तेव्हा आम्हा सर्वांची छाती अभिमानाने भरून आली होती. एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होईलच अशी खात्री धरता येत नाही.

आता हे आसन हळूहळू नाहीसे होत आहे. सी-२९५चे कॉकपिट दोन पायलटांसाठी रचलेले आहे, कारण मी डोळ्यांनी पाहत होतो ते बरेचसे आता संगणक पाहतो. मला त्याचे वाईट वाटते, हे मी लपवत नाही; पण आजच्या मुलाला मी माझ्या जुन्या आसनाची वाट दाखवणार नाही. मी त्याला लोडमास्टरचे काम दाखवीन, कारण विमान कितीही आधुनिक झाले तरी मागचा दरवाजा उघडून त्यातून वीस-तीस क्विंटल माल चढवणारा, बांधणारा आणि हवेतून खाली सोडणारा माणूस लागतोच. सी-१७सारख्या अवाढव्य विमानातही मूळ चमू तिघांचाच असतो : दोन पायलट आणि एक लोडमास्टर.

ज्यांनी गावी बैलगाडी हाकली आहे, त्यांना या कामाचे मर्म लगेच कळेल. गाडीत मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांना फास बसतो. पुढे भार जास्त झाला तर जू मानेवर रुतते. विमानाचेही तसेच आहे, फक्त विमान उलाळ झाले तर नाक वर जाते, वेग पडतो आणि सावरायला खाली जमीन नसते. म्हणून लोडमास्टर प्रत्येक नगाचे वजन त्याच्या अंतराने गुणतो : तोल-बिंदूच्या मागे चार मीटरवर ठेवलेले ५०० किलो आणि दोन मीटरवर ठेवलेले १,००० किलो विमानाला सारखेच मागे ओढतात. गणित सहावी-सातवीचे आहे, पण ते भर उन्हात, इंजिनांच्या आवाजात, चालू उड्डाणाची घाई असताना बिनचूक करावे लागते.

वजन मांडून झाले की ते बांधायचे. ५,००० किलोचा ताण पेलणारा पट्टा मालाला ४५ अंशांच्या कोनात बांधला, तर मागे सरकण्याच्या दिशेने तो सुमारे ३,५०० किलोच पेलतो, ही गोष्ट नव्या मुलांच्या लक्षात राहत नाही. ती लक्षात न राहिल्याने काय होते, ते २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बगराम इथे जगाने पाहिले. पाच जड चिलखती वाहने घेऊन निघालेल्या एका मालवाहू बोइंग ७४७ विमानात उड्डाण करतानाच वाहन सुटून मागे सरकले, शेपटाकडची नियंत्रण यंत्रणा मोडली आणि विमानातले सातही जण मृत्युमुखी पडले. तपासात असे निघाले की पट्टे पुरेसे नव्हते, आणि ज्या पुस्तिकेच्या आधारे ते मोजले गेले त्या पुस्तिकेतच दोष होते. म्हणून मी मुलांना सांगतो की पुस्तिका पाठ करा, पण त्या आकड्याचा हिशेब स्वतःलाही मांडता आला पाहिजे.

अर्जाविषयी थोडक्यात सांगतो. फ्लाइट इंजिनियर, लोडमास्टर अशा वायुसैनिकांसाठीच्या कामांना बाहेरून थेट अर्ज करता येत नाही; आधी वायुसैनिक, म्हणजे हवाई दलातला अधिकारी नसलेला सैनिक, व्हावे लागते आणि नोकरीत असताना स्वेच्छेने नाव देऊन निवड व्हावी लागते. आज वायुसैनिक होण्याची वाट अग्निवीरवायू भरतीतून जाते. वय साडेसतरा ते एकवीस. विज्ञान शाखेतून जायचे तर बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी, एकूण ५० टक्के आणि इंग्रजीतही ५० टक्के. किंवा अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका. परीक्षा ऑनलाइन, मग १.६ किलोमीटरची धाव, पुरुषांसाठी सात मिनिटांत. सेवा चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम केले जाते. ही अट आईवडिलांनी अर्ज भरण्याआधी मुलाशी बसून मोकळेपणाने बोलावी. ज्यांना अधिकारी म्हणून उडायचे आहे, त्यांची परीक्षा वेगळी. विसाव्या ते चोविसाव्या वर्षी एएफकॅट ही हवाई दलाची सामायिक प्रवेश परीक्षा द्यायची आणि मग निवड मंडळासमोर जायचे. त्यांपैकी एक मंडळ आपल्या जवळ गांधीनगरलाच आहे. पायलटच्या संगणकीय चाचणीला आयुष्यात एकदाच बसता येते.

वायुसैनिकांचे पहिले प्रशिक्षण बेळगावला होते, आणि बडोद्याच्या मराठी मुलाला तिथल्या बाजारात आपली भाषा ऐकून पहिल्या आठवड्यात मोठा धीर येतो. पण उडण्याची खरी परीक्षा शरीराची असते. एकदा मला सर्दी झाली होती आणि मी ती डॉक्टरांपासून लपवली, कारण त्या दिवशीचे उड्डाण चुकवायचे नव्हते. विमान खाली उतरू लागल्यावर बंद झालेल्या कानातला दाब जुळेना. इतक्या वेदना झाल्या की समोरच्या घड्याळांचे आकडे मी वाचत होतो, पण ते डोक्यात शिरत नव्हते. मला तीन आठवडे जमिनीवर बसवले गेले. ती शिक्षा मला कमीच वाटली, कारण त्या मिनिटांत माझ्या डोळ्यांवर विसंबून बाकीचा चमू बसला होता.

प्रशिक्षणात अल्पदाबाच्या बंद खोलीत बसवतात. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा असतो. पंचवीस हजार फुटांवर प्राणवायूच्या मुखवट्याशिवाय माणसाची कामाची शुद्ध साधारण तीन ते पाच मिनिटेच टिकते. तिथे मुखवटा काढायला लावून शंभरातून सात-सात वजा करत कागदावर लिहायला सांगतात. तो कागद मी जपून ठेवला आहे आणि विचारायला येणाऱ्या मुलांना दाखवतो. त्यावर ९३, ८६, ७९, ७२ असे नीट लिहिले आहे, मग पुन्हा ७२, आणखी एकदा ७२, आणि त्यापुढे नुसत्या रेघा. शिक्षकांनी मुखवटा परत लावला, तेव्हा मी शून्यापर्यंत पोहोचलो आहे, असे मी त्यांना ठामपणे सांगत होतो.